मांडी शोधणाऱ्या मांजरीसाठी घर शोधताना

रस्त्यावरून उचललेलं, उपचार करून बरं केलेलं, चार-पाच वर्षांचं मांजर दत्तक द्यायची वेळ आली की व्हॉट्सॲपवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. खिडकीत बसलेल्या मांजरीचा फोटो, अंदाजे वय, नसबंदी झालेली, लसी दिलेल्या, लिटर ट्रेन्ड, आणि शेवटी 'अतिशय प्रेमळ'. सगळी भिस्त या शेवटच्या दोन शब्दांवर असते. फोनही त्यावरच येतात, आणि बहुतेक फोन चुकीच्या घरांतून येतात. प्रेमळपणा हा आपण जाहिरातीत मिरवायचा गुण समजतो. रोजच्या व्यवहारात मात्र ती त्या मांजरीची गरज असते. जी दिवसातून चार वेळा मांडी शोधत येते, तिला दिवसातून चार वेळा रिकामी मांडी लागते. म्हणून अशा मांजरीसाठी 'मांजरवेडं' माणूस शोधण्यापेक्षा दोन साध्या गोष्टी शोधाव्यात, असं माझं म्हणणं आहे. माणूस घरात असणारं हवं, आणि मांजर आपणहून जवळ येईपर्यंत थांबू शकणारं हवं. पैसा, बंगला, आधी मांजरं पाळल्याचा अनुभव हे सगळं त्यानंतर.

यावर पहिला आक्षेप जुनाच आहे. कुत्रं माणसाला धरतं आणि मांजर घराला, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. त्याचाच पुढचा भाग म्हणजे मोठं झालेलं मांजर नव्या माणसाला लळा लावत नाही, आणायचं तर पिल्लूच आणावं. यातलं पहिलं विधान तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांवर केली जाते तशीच चाचणी मांजरांवर केली. अनोळखी खोलीत मालकाबरोबर थोडा वेळ, मग एकटं, मग मालक परत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ६५ टक्के मांजरं मालक परत आल्यावर निवांत झाली, त्याच्या आधाराने पुन्हा खोली पाहू लागली. पिल्लांत आणि मोठ्या मांजरांत हे प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं. म्हणजे माणसाचा आधार वाटणं हे पिल्लूपणाबरोबर संपत नाही. दुसरं विधान तर उलटंच करावं लागतं. मांजराचं माणसाशी पुढे कसं जमेल, हे बरंचसं त्याच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ठरतं. त्या काळात माणसाचा हात लागला असेल तर भीती मोडते. सँड्रा मॅक्यून यांनी १९९५ मध्ये दाखवलं की बापाचा वाटाही त्यात असतो. धीट बोक्याची पिल्लं धीट निघण्याकडे कल असतो. आता गल्लीतून उचललेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत ते आठवडे कसे गेले आणि बाप कोण, हे कोणाला ठाऊक? पिल्लू घेणारा अंदाजावर घेतो. पाच वर्षांची मांजरी मात्र जशी आहे तशी समोर बसलेली असते. देणाऱ्याने फक्त ती नीट पाहायला हवी.

आणि ती नीट पाहिली जात नाही. दवाखान्याच्या पिंजऱ्यात जाळीला अंग घासणारी मांजरी प्रेमळ ठरवली जाते, कोपऱ्यात गोठून बसलेली माणूसघाणी. पिंजऱ्यातल्या या दोन्ही निरीक्षणांवर विसंबू नये. भीतीने मांजर स्तब्ध होतं, आणि दिवसभर एकटं कोंडलेलं मांजर जो पहिला हात येईल त्याला बिलगतं. तिला निदान दोन-तीन आठवडे कोणाच्या तरी घरात, फॉस्टरकडे, राहू द्यावं आणि मग लिहावं. लिहिताना विशेषणं टाळून वागणं लिहावं. ती मांडीवर येते की शेजारी टेकून बसते? पायात घोटाळते ती भुकेसाठी की जेवण झाल्यावरही? पाहुणा आला की सामोरी जाते की पलंगाखाली? एकाच माणसाची पाठ धरते की सगळ्या घराची? उचलून घेतलेलं चालतं का? रात्री दार लावून घेतलं तर ओरडत बसते का? दुसऱ्या मांजरांशी कशी वागते, हे वेगळं लिहावं. माणसाळलेली मांजरी मांजरांवर फिस्कारणारी असू शकते, त्यात काही विसंगती नाही. आणखी एक गोष्ट बहुतेक जण लपवतात ती आवर्जून सांगावी. पुष्कळ प्रेमळ मांजरं कुरवाळून घेता घेता अचानक चावतात. त्याआधी शेपटी आपटणं, कान मागे वळणं, पाठीची कातडी थरथरणं अशा खुणा असतात, पण त्या वाचायला शिकावं लागतं. गालावर, कान आणि डोळ्याच्या मधल्या भागात हात फिरवलेला बहुतेक मांजरांना आवडतो आणि शेपटीच्या मुळाशी फिरवलेला बहुतेकांना नाही, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. चावा कधी घेते, हे आधी सांगितलं तर नवं घर तो समजून घेतं. सांगितलं नाही तर 'तुमचं मांजर चावरं आहे' असा फोन येतो.

आता घराकडे वळू. मांजर आणि माणूस यांच्या संबंधांवर झुरिकमध्ये डेनिस टर्नर यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या निरीक्षणांतली एक गोष्ट दत्तक देणाऱ्याला फार उपयोगी पडते. जवळ येण्याची सुरुवात मांजराने केली तर दोघं एकत्र जास्त वेळ राहतात, माणसाने केली तर कमी. माणूस मांजराच्या मर्जीला जितका मान देतो तितकं मांजरही त्याच्या मर्जीला देतं. याच अभ्यासगटाच्या १९८८ मधल्या एका प्रयोगात पहिल्या भेटीत मोठी माणसं आधी मांजराशी बोलतात आणि ते येईपर्यंत थांबतात, मुलं थेट त्याच्याकडे जातात, असं दिसलं. या दोन गोष्टी जोडल्या तर घर पारखण्याची एक सोपी कसोटी हाती येते, आणि ती कोणत्याही छापील प्रश्नावलीपेक्षा भरवशाची आहे. दत्तक घेऊ पाहणाऱ्यांना मांजर आहे तिथे भेटायला बोलवा, चहा द्या आणि मांजराबद्दल काही सुचवू नका. जे येऊन जमिनीवर बसतात, गप्पा मारतात, मांजरी वास घेऊन गेली तरी हात पुढे करत नाहीत, त्यांची नावं वर ठेवा. पलंगाखाली हात घालून 'ये ना गं पिल्लू' म्हणत तिला ओढू पाहणाऱ्याचं प्रेम खोटं नसतं. पण ते प्रेम मांजरीला पेलणारं नाही. मुलं असलेलं घर यामुळे आपोआप बाद होत नाही. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल आणि आईने 'तिला येऊ दे, आपण नको जाऊ या' म्हटल्यावर ती खरंच बसून राहत असेल, तर ते उत्तम घर. मुलाने शेपटी धरल्यावर आईवडील कौतुकाने मोबाइल काढत असतील तर नाही.

घरात असण्याचा प्रश्न याहून अवघड, कारण तो विचारायला संकोच वाटतो. हिंजवडीला किंवा ऐरोलीला नोकरी करणारं जोडपं सकाळी साडेआठला निघतं, रात्री नऊला परततं. पगार चांगला, मांजराची हौस मोठी, उत्तम कंपनीचं खाणं आणण्याची तयारी. स्वतःत रमणाऱ्या, दोन वेळा खाऊन खिडकीत झोपणाऱ्या मांजराला हे घर अगदी ठीक आहे. पाठ न सोडणाऱ्या मांजरीला ते रोज बारा तासांचं एकटेपण आहे, आणि त्याचे परिणाम सोफ्यावर, दारावर, कधी गादीवर उमटतात. म्हणून 'तुम्हाला मांजरं आवडतात का' या प्रश्नाऐवजी 'तुमचा मंगळवार कसा जातो' हे विचारावं. कोण कधी घरी असतं, दुपारी कोण असतं, महिन्यातून किती वेळा गावी जाता, तेव्हा किल्ली कोणाकडे असते. भाड्याचं घर असेल तर पुढचा प्रश्न अटळ आहे. आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. बाराव्या महिन्यात नव्या घरमालकाने मांजर नको म्हटलं तर काय करणार? 'तेव्हाचं तेव्हा बघू' हे उत्तर आलं तर आपलं उत्तर नाही असावं. आताच्या घरमालकाची परवानगी लेखी, किमान मेसेजवर तरी, घ्यावी. पीजीत किंवा चौघांच्या भागीदारीतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याची माया खरी असते, पण मांजर नेमकं कोणाचं, हे ठरत नाही.

याच कसोटीवर एक घर वर येतं, जे दत्तक देणाऱ्या अनेक संस्था आणि कार्यकर्ते पहिल्या फेरीतच बाद करतात. ते म्हणजे निवृत्त, साठी उलटलेल्या माणसांचं घर. आक्षेप उघड आहे: उद्या त्यांना काही झालं तर मांजराचं काय? आक्षेप रास्त आहे, पण तो पिल्लाला लागू पडतो तितका मोठ्या मांजराला पडत नाही. घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षं सहज जगू शकतं. सदुसष्ट वर्षांच्या बाईंना दोन महिन्यांचं पिल्लू देणं म्हणजे त्यांच्याकडून ऐंशीपलीकडची हमी मागणं. सहा-सात वर्षांची मांजरी देताना हिशेब खूप सुसह्य होतो. दिवसभर घरात माणूस, ठरलेल्या वेळा, दुपारची वामकुक्षी, वाचत किंवा टीव्ही पाहत तासभर एका जागी बसणं: मांडी शोधणाऱ्या मांजरीला याहून योग्य दिनक्रम सापडणं कठीण. पिल्लासारखी ती पडद्यांवर चढून जात नाही, रात्री पायांच्या बोटांवर झडप घालत नाही. पुढची सोय मात्र लेखी हवी. मुलगा, सून, भाची, शेजारी, कोणीतरी एक जण 'आईला जमेनासं झालं तर मी घेईन' असं स्वतः फोनवर सांगणारा हवा. परदेशी असलेल्या मुलाचा होकार इथे धरू नये. आणि पायात घोटाळणाऱ्या मांजरीमुळे तोल जाऊ शकतो, हेही म्हाताऱ्या माणसांना स्पष्ट सांगावं. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्या घरी पाठ न सोडणारी मांजरी देऊ नये. टेकून बसणारी द्यावी.

एकटेपणावर एक सोपा उपाय सुचवला जातो, 'आम्ही तिला सोबत म्हणून दुसरं मांजर आणू'. हा उपाय कधी लागू पडतो, पण गृहीत धरू नये. जिला माणसाचा सहवास हवा, तिच्या लेखी दुसरं मांजर म्हणजे मांडीचा नवा भागीदार. घरात आधीच मांजर असेल तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवून आधी वासाची, मग दाराच्या फटीतून, मग नजरेची ओळख, असे काही आठवडे द्यावे लागतात. ही तयारी नसलेल्या घरी एकटी राहू शकणारी मांजरीच द्यावी.

खाणं आणि खिडकी या दोन बाबतींत मात्र तडजोड नाही. 'आमच्याकडे गावाला कायम मांजरं असायची' हे वाक्य ऐकून देणारा निर्धास्त होतो, तिथे उलट दोन प्रश्न जास्त विचारावेत. गावाकडची ती मांजरं दूध-पोळीवर जगत नव्हती. उंदीर, पाली, पक्षी यांवर जगत होती. दूध-पोळी वरची होती. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं. ते नसेल तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचा स्नायू दुबळा होतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर मिळत नाही. शाकाहारी घर यामुळे बाद होतं असं नाही. मासे-चिकन घरात शिजणार नसेल तर मांजराचं तयार खाणं रोज आणायची तयारी आहे का, आणि सासूबाईंना ते चालतं का, हे सासूबाईंनाच विचारावं. खिडकीचं म्हणाल तर मांजर नेहमी पायांवर पडतं आणि काही होत नाही, या समजुतीला न्यूयॉर्कच्या एका अभ्यासाचा आधार दिला जातो. १९८७ च्या त्या अभ्यासात इमारतींवरून पडून दवाखान्यात आणलेल्या १३२ मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले त्यांतली ९० टक्के वाचली होती. वाचली, पण त्यांतली पुष्कळ छातीला मार बसून, जबडा किंवा पाय मोडून. शिवाय जी जागीच मेली ती दवाखान्यात आणलीच जात नाहीत, म्हणून आकड्यांत ती नाहीत. तेव्हा सगळ्या खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी बसल्याशिवाय मांजर देऊ नये. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी अनेक घरांत असतेच. ती घट्ट ताणलेली आहे का आणि कडेला फट आहे का, हे हाताने ओढून पाहावं. जाळी कुरतडणारं मांजर असेल तर लोखंडी किंवा स्टीलची हवी. तळमजल्याच्या, दार सताड उघडं असणाऱ्या घरी अनोळखी माणसांनाही अंग घासणारी मांजरी देताना तर दहादा विचार करावा. भित्रं मांजर पळून स्वतःला वाचवतं, ही कोणाच्याही पिशवीत जाते.

परत येणाऱ्या मांजरांमागे दोन कारणं नेहमी ऐकू येतात, ॲलर्जी आणि गरोदरपण. दोन्ही आधीच बोलून घ्यावीत. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होत नाही, लाळेतल्या आणि त्वचेवरच्या एका प्रथिनामुळे होते, त्यामुळे 'हिचे केस आखूड आहेत' हे आश्वासन फसवं आहे. घरातल्या प्रत्येकाने भेटीत तासभर तिच्याजवळ बसून पाहावं. गरोदर बाईला टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती घातली जाते. धोका खरा आहे, पण मांजराच्या विष्ठेतले त्याचे अंश बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. लिटर रोज दुसऱ्या कोणी साफ केलं, मांजर घराबाहेर जात नसेल आणि कच्चं मांस खात नसेल, तर मांजर घालवण्याची गरज नसते. अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली भाजी हे त्या संसर्गाचे अधिक नेहमीचे रस्ते आहेत.

या सगळ्यावर सर्वांत वजनदार आक्षेप उरतो. शेकडो मांजरं रस्त्यावर असताना एवढी चिकित्सा परवडते का? जो घ्यायला तयार आहे त्याला देऊन मोकळं व्हावं. या आक्षेपातली अर्धी गोष्ट मला मान्य आहे. पगाराची स्लिप मागणं, स्वतःचं घरच हवं असा हट्ट धरणं, महिनोन् महिने उलटतपासणी घेणं यातून चांगली माणसं दुखावून निघून जातात आणि शेवटी दुकानातून पर्शियन विकत आणतात. दत्तकशुल्क घेतलं तरच माणूस मांजराची कदर करतो, हेही खरं नाही. एमिली वाइस आणि शॅनन ग्रॅमन यांच्या २००९ च्या अभ्यासात पैसे देऊन घेतलेल्या आणि फुकट घेतलेल्या मांजरांवरच्या मालकांच्या मायेत फरक आढळला नाही. पण मी मागतो आहे ती अडवणूक नाही, जुळवणी आहे. ज्या जोडप्याला ही मांजरी देऊ नये म्हटलं, त्यांनाच स्वतःत रमणारा बोका द्यावा. फोन ठेवून देऊ नये. चुकीच्या घरी गेलेली मांजरी दोन महिन्यांनी परत आली की तिने अडवलेली जागा पुन्हा अडते. मध्ये तिची सवय मोडलेली असते आणि त्या घरात पुन्हा कधी मांजर येत नाही. घाईने वाचवलेला वेळ असा दुप्पट खर्च होतो.

घर ठरल्यावर देण्याची वेळही निवडावी. गणपती, दिवाळी, घरातलं लग्न, घराचं रंगकाम यांच्या तोंडावर मांजर देऊ नये. फटाक्यांच्या आठवड्यात नव्या घरात आलेली मांजरी संधी मिळताच पळते. नसबंदी, ट्रायकॅट आणि रेबीजची लस आपल्याकडेच करून मग द्यावी. 'नसबंदी आम्ही करून घेऊ' हे तोंडी वचन पुष्कळदा पिल्लांच्या वेताने संपतं. सोबत तिचं नेहमीचं खाणं, वापरातलं थोडं लिटर आणि न धुतलेलं अंथरूण द्यावं. मग नव्या घराला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावी: ही प्रेमळ मांजरी पहिले काही दिवस प्रेमळ दिसणार नाही. ती कपाटामागे बसेल, हाक मारली तर फिस्कारेल, रात्रीच खाईल. तिला एकच खोली आणि त्यात लपायला पुठ्ठ्याचं खोकं द्यावं. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लपायला खोकं मिळालेल्या मांजरांचा ताण पहिल्याच दिवसांत स्पष्टपणे कमी आढळला. खोक्यातून तिला बाहेर काढू नये. खोलीत बसून पेपर वाचावा, बस्स. मात्र दोन दिवस तिने काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठावा. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते दगावू शकतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये, एक गोळीही जीवघेणी ठरते. पहिल्या आठवड्यात आपण दोनदा फोन करावा, महिन्याने भेट द्यावी, आणि दोन्ही आधी सांगून ठेवावं, म्हणजे पाळत ठेवल्यासारखं वाटत नाही.

कागदावर सही घ्याच. त्यात पत्ता, ओळखपत्र, जाळीची अट, बाहेर न सोडण्याची अट असावी, पण पहिलं कलम वेगळं हवं: कोणत्याही कारणाने, कितीही वर्षांनी मांजर नको झालं, तर ते आमच्याकडे परत येईल, कारण विचारलं जाणार नाही. पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून येण्याची आपली जुनी रीत अजून संपलेली नाही, आणि ती कायद्याच्या धाकाने संपेल असं वाटत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात जनावराला उपाशी मरण्यासारख्या स्थितीत सोडून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. तेव्हा ते कलम ठळक अक्षरांत लिहा, खाली आपला फोन नंबर घाला, आणि तो नंबर बदलला तर मांजर दिलेल्या प्रत्येक घरी कळवा.